कंट्री संगीतातील जुन्या गायकांची दखल घ्यावी

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावर जे लेख येतात ते मी आवर्जून वाचतो. जॅझवर, बीटल्सवर, सिम्फनीवर आपण चांगले लेखन छापले आहे आणि गोव्यातल्या मराठी वाचकाला त्या संगीताची वाट दाखवली आहे, याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत. पण अमेरिकेतल्या ज्या गाण्याने गेली शंभर वर्षे कष्टकरी माणसाचे जगणे त्याच्याच बोलीत मांडले, त्या कंट्री संगीताचा उल्लेख आला की तो दोन ओळींत आटोपतो. रुंद काठाच्या टोप्या, घोडे आणि सोप्या चाली एवढ्यावर त्याची बोळवण होते. हे कोणी जाणूनबुजून करत नाही, याची मला खात्री आहे. तरीही त्यात नुकसान आपल्या वाचकांचे होते असे मला मनापासून वाटते, कारण शब्दांवर जीव असलेल्या मराठी श्रोत्याला हे गाणे जितक्या लवकर आपलेसे वाटेल, तितके दुसरे कोणतेही पाश्चात्त्य गाणे वाटणार नाही. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

या गाण्याविषयीचा मुख्य आक्षेप मी अनेक रसिक मित्रांच्या तोंडून ऐकला आहे. यात तयारी कुठे आहे, असे ते विचारतात. तीन कॉर्ड, तीन मिनिटे आणि प्रत्येक कडव्याला तीच साधी चाल. या निरीक्षणात खोटे काही नाही. ज्या भूमीत मंगेशीने मास्टर दीनानाथ आणि अभिषेकीबुवा दिले, केरीने केसरबाई दिल्या आणि कुर्डीने मोगूबाई दिल्या, त्या भूमीतल्या श्रोत्याचा कान तानांवर आणि आलापीवर पोसलेला असणारच, आणि त्या मापाने पाहिले तर कंट्रीतले हँक विल्यम्स काय किंवा जॉनी कॅश काय, रियाजाची बैठक असलेले गायक नव्हेत. पण आपल्याच घरात दुसरेही माप आहे. बांदिवड्यात जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे यांचे भावगीत ऐकताना आपण ताना मोजत बसत नाही. शब्द कसा उचलला, कोणत्या अक्षरावर वजन दिले, श्वास कोठे घेतला, ओळ संपल्यावर किती थांबल्या, हे आपण ऐकतो आणि कवितेचा अर्थ गळ्यातून किती स्वच्छ उतरला यावर दाद देतो. कंट्रीच्या जुन्या गायकांना हे माप लावावे, एवढेच माझे म्हणणे आहे. या मापाने ते फार मोठे गायक ठरतात.

या संगीताच्या तबकड्या १९२२-२३ पासून निघू लागल्या होत्या, पण त्याला चेहरा मिळाला तो १९२७ च्या उन्हाळ्यात. व्हिक्टर कंपनीसाठी काम करणारा राल्फ पीअर त्या वर्षी ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री घेऊन ब्रिस्टल या गावी आला. टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची हद्द या गावाच्या मुख्य रस्त्यावरून जाते. आजूबाजूच्या डोंगरांतून लोक आपापली वाद्ये घेऊन खाली उतरले. एका गाण्याचे ५० डॉलर मिळणार होते. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या दोघांचीही गाणी तिथे मुद्रित झाली, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या कंट्री गायनाचे मूळ या दोन प्रवाहांत सापडते.

कार्टर कुटुंब म्हणजे ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि त्याच्या भावाची बायको मेबेल. मेबेल त्या वेळी १८ वर्षांची होती आणि गरोदर होती. तिच्या गिटारवादनाकडे जरा जवळून पाहावे. ती अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चाल वाजवते आणि त्याच वेळी बोटाने बारीक तारांवर वरून खाली झटका देत ठेका धरते. चाल खाली, ठेका वर, आणि दोन्ही एकाच हातात. तोपर्यंत या गाण्यांत गिटारचे काम बहुधा साथीचे असे. मेबेलच्या अंगठ्याने तिला बोलायला लावले. सारा गाताना आवाज कुठेही हलवत नाही, नटवत नाही. मरण, विरह, परमेश्वर, ओस पडलेले घर, सगळे ती एकाच सरळ आवाजात सांगते, आणि त्या सरळपणामुळेच ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना या आवाजाची ओळख पटायला वेळ लागणार नाही.

जिमी रॉजर्स मिसिसिपीतला रेल्वे कामगार होता. गाडीचे ब्रेक सांभाळण्याचे काम तो करीत असे. क्षयाने ते काम सुटले आणि गाणे हाच चरितार्थ झाला. आल्प्सच्या बाजूकडची योडेल नावाची पद्धत, म्हणजे छातीतल्या आवाजावरून एकदम डोक्यातल्या आवाजावर उडी मारायची आणि मधला सांधा मुद्दाम फुटू द्यायचा, ती त्याने काळ्या मजुरांच्या ब्लूज या दुःखाच्या गाण्यांशी जोडली. १९३० साली त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटसोबत एक गाणे मुद्रित केले. आपल्या जॅझप्रेमी लेखकांना ही एक गोष्ट तरी नक्की आवडेल. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटची गाणी मुद्रित करताना तो इतका खंगला होता की दोन गाण्यांच्या मध्ये त्याला खाटेवर आडवे व्हावे लागत असे. त्यानंतर काही दिवसांतच, २६ मे रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला.

हँक विल्यम्सविषयी लिहिताना मला शब्द आवरावे लागतात. अलाबामातल्या गरीब घरात १९२३ साली जन्मलेला, पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगाने आयुष्यभर दुखणे सोसलेला हा माणूस वयाच्या २९ व्या वर्षी, १ जानेवारी १९५३ रोजी, ओहायोतल्या कार्यक्रमाला निघालेल्या मोटारीच्या मागच्या आसनावर मृतावस्थेत सापडला. जून १९४९ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरातल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात तो प्रथम उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांनी ‘लव्हसिक ब्लूज’ हे एकच गाणे त्याला पुन्हा पुन्हा गायला लावले. आपल्याकडे नाटकात ‘वन्स मोअर’ कसे पडत असत हे ज्येष्ठांकडून ऐकलेल्यांना त्या रात्रीची कल्पना करता येईल. त्याने स्वतः लिहिलेल्या गीतांत एकही अवघड शब्द नाही. पाखराचा आवाज, दूर जाणारी आगगाडी, ढगाआड गेलेला चंद्र एवढ्या सामग्रीवर तो एकटेपणाचे गाणे उभे करतो आणि दुःखाच्या शब्दापाशी आला की त्याचा आवाज अगदी थोडा फुटतो. तो कुठे फुटू द्यायचा हे त्याला नेमके कळत होते. आमच्याकडचे जाणकार ज्याला लगाव म्हणतात तो हाच.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळतो. कंट्री म्हणजे गोऱ्या लोकांचे, आणि तेही संकुचित विचारांच्या गोऱ्या लोकांचे संगीत, असे म्हटले जाते. धंदा ज्यांच्या हाती होता त्यांनी ते तसे विकले, हे खरे आहे, आणि त्याची किंमत काहींना फार मोठी मोजावी लागली. पण गाण्याची हकीकत निराळी आहे. हँक विल्यम्सला लहानपणी रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेन या काळ्या गायकाने शिकवले, आणि हे हँकने कधी लपवले नाही. ए. पी. कार्टर जुनी गाणी गोळा करायला डोंगरांतून हिंडे, तेव्हा त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक असे, ए. पी. शब्द उतरवून घेई आणि चाल रिडल डोक्यात साठवून आणी. बँजो हे कंट्रीचे ओळखचिन्ह मानले जाणारे वाद्य गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडून आले. ‘ग्रँड ओल ऑप्री’ १९२५ साली सुरू झाला आणि त्याच्या आरंभीच्या सर्वांत लोकप्रिय कलावंतांत डीफोर्ड बेली होता. लहानपणी पोलिओ झालेला हा काळा कलाकार हार्मोनिकावर आगगाडी अशी काही हुबेहूब उभी करी की ऐकणाऱ्याला चाकांचा खडखडाट आणि शिट्टी वेगवेगळी ऐकू येई. १९४१ साली त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले आणि पुढे नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचे दुकान चालवून त्याने दिवस काढले. कंट्रीच्या सन्मान्य कलावंतांत त्याचे नाव अधिकृतपणे दाखल व्हायला २००५ साल उजाडले, आणि तोपर्यंत त्याला जाऊन वीसहून अधिक वर्षे झाली होती. देवळांच्या आश्रयाने गाणे जपणाऱ्या कलावंत घराण्यांना समाजात मान मिळायला आपल्या गोव्यात किती काळ गेला हे ज्यांना माहीत आहे, त्यांना डीफोर्ड बेलीची कथा परकी वाटणार नाही. आपल्या वाचकांपुढे ती यायला हवी. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात वाढलेल्या चार्ली प्राइडच्या पहिल्या तबकड्या १९६६ च्या सुमारास रेडिओ केंद्रांना त्याचे छायाचित्र न जोडता पाठवल्या गेल्या, हेही वाचकांना कळावे. आणि १९७१ साली कंट्री संगीताच्या संघटनेने त्यालाच वर्षातला सर्वश्रेष्ठ कलावंत ठरवले, हेही कळावे.

गायिकांच्या बाबतीतही हेच झाले. बायकांच्या तबकड्या खपत नाहीत असा धंद्यातला समज होता. १९५२ साली किटी वेल्सने एका पुरुषाच्या गाण्याला उत्तर देणारे गाणे म्हटले. बाई बिघडली की दोष तिलाच का, बिघडवणारा नवरा कुठे गेला, असा त्याचा साधा सवाल होता. काही ठिकाणी त्याला विरोध झाला, पण ते गाणे कंट्रीच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि एकट्या गायिकेला तिथे पोहोचण्याचा मान पहिल्यांदा मिळाला.

तिच्या मागून पॅट्सी क्लाइन आली. पूर्ण, गोलाकार, खालच्या सप्तकात भरलेला आवाज. जून १९६१ मध्ये मोटार अपघातात ती मरता मरता वाचली. त्याच उन्हाळ्यात कुबड्या घेऊन ती ‘क्रेझी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला आली. गाणे विली नेल्सन या तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या गीतकाराचे होते. बरगड्यांच्या दुखण्यामुळे वरचे स्वर तिला पेलवेनात, म्हणून वाद्यवृंद आधी मुद्रित करून ठेवला आणि काही दिवसांनी येऊन तिने त्यावर आपला आवाज दिला. ते गाणे आज ऐकताना लक्ष द्यावे ते तिच्या शब्दांच्या जागांकडे. ताल सरळ चालला आहे आणि ती मात्र प्रत्येक ओळ जराशी मागून सुरू करते, शब्द ओढत ओढत नेते आणि नेमकी वेळेवर समेला येऊन मिळते. आमच्या ठुमरीच्या श्रोत्याने यावर मान डोलावली नाही तरच नवल. ५ मार्च १९६३ रोजी विमान अपघातात ती गेली. वय अवघे ३०.

जॉर्ज जोन्सचे नाव गोव्यात फारच कमी जणांना माहीत आहे आणि याची मला सर्वांत जास्त खंत आहे, कारण हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याने कंट्रीतला एकच गायक निवडायचा म्हटले तर तो हाच निवडावा. हँकचा वारसा त्याच्याकडे आहे, आणि लेफ्टी फ्रिझेल या टेक्ससच्या गायकाने एकेक स्वर लांबवून त्याला वळणे देण्याची जी रीत पाडली, तीही आहे. जोन्स एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर मींडेने जातो. शब्दाच्या शेवटी बारीकशी मुरकी घेतो आणि ती इतकी लहान असते की दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय लक्षात येत नाही. दात जवळजवळ मिटलेले ठेवून तो आवाज आत दाबतो आणि मग एखाद्याच शब्दावर तो मोकळा सोडतो. १९८० साली आलेल्या त्याच्या ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ या गाण्यात एका माणसाची कथा आहे, ज्याने एका स्त्रीवर मरेपर्यंत प्रेम केले आणि ज्याचे प्रेम अखेर त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी थांबले. दारूने जोन्सची तेव्हा इतकी दुर्दशा झाली होती की हे एक गाणे पुरे व्हायला महिनोन्महिने गेले. चाल गाताना तो सावरत असे, पण मध्ये साध्या बोलण्यात म्हणायच्या चार ओळी त्याला न अडखळता म्हणता येईनात. एवढे उदास गाणे कोणी विकत घेणार नाही, असे त्याला स्वतःला वाटत होते. ते सर्वत्र गाजले आणि लागोपाठ दोन वर्षे त्या गीताला वर्षातले उत्कृष्ट गीत म्हणून पुरस्कार मिळाला.

जॉनी कॅश आणि मर्ल हॅगार्ड यांच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण कॅशचे नाव तरी आपल्याकडे बऱ्यापैकी माहीत आहे. कॅश आर्कान्सामधल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. त्याच्या ‘आय वॉक द लाइन’ या १९५६ च्या गाण्यात प्रत्येक कडव्याची पट्टी बदलते, आणि नवी पट्टी सापडावी म्हणून तो कडव्याआधी ओठ मिटून हुंकार देतो. तो हुंकारच गाण्याचा भाग होऊन बसला आहे. ढोलाचा आवाज हवा म्हणून गिटारच्या तारांखाली तो कागद सारून ठेवी. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात त्याने कैद्यांपुढे गाऊन तो कार्यक्रम तबकडीवर आणला. हॅगार्ड तर त्याआधी सॅन क्वेंटिन तुरुंगात स्वतः कैदी होता आणि तिथे झालेला कॅशचा कार्यक्रम त्याने कैद्यांत बसून ऐकला होता. सुटून आल्यावर तो कंट्रीतला एक थोर गीतकार झाला. तुरुंगाचे, मजुरीचे आणि आईच्या काळजीचे गाणे त्याच्याइतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

गोव्याचा या संगीताशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे आणि घरगुती आहे. मडगावला कॉलेजात असताना मी एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी खोली घेऊन राहत होतो. घरमालक तारवटी होते, वर्षातले बहुतेक महिने बोटीवर, आणि येताना ते तबकड्या आणत. घरमालकीण बाई संध्याकाळी तेर्स, म्हणजे घरातली सांजप्रार्थना, आटोपल्यावर त्यांतली जिम रीव्ह्जची तबकडी काढत, मऊ फडक्याने ती गोल गोल पुसत, सुई अलगद टेकवत आणि गाणे संपेपर्यंत तिथेच उभ्या राहत. त्या वेळात मुलेसुद्धा बोलत नसत. रीव्ह्जचे ‘ही विल हॅव टू गो’ हे १९५९ चे गाणे म्हणजे एका दारूच्या गुत्त्यातून माणसाने आपल्या प्रियेला केलेला टेलिफोन आहे. मी दूर असलो तरी तू ओठ फोनच्या जवळ आण, एवढीच त्याची सुरुवातीची मागणी. नवरा समुद्रावर असलेल्या त्या बाईंना हे गाणे का आवडत असेल, हे मला त्या वयातही समजले होते.

जिम रीव्ह्जचा जन्म १९२३ सालचा, टेक्ससमधला. बेसबॉलच्या खेळात नाव काढायची त्याची उमेद दुखापतीने संपली आणि तो रेडिओवर निवेदक झाला. आरंभी तोही इतरांसारखा मोठ्याने गात असे. मग १९५७ च्या सुमारास चेट ॲटकिन्स या निर्मात्याबरोबर काम करताना त्याने माइकच्या अगदी जवळ जाऊन, जवळजवळ कुजबुजल्यासारखे गायला सुरुवात केली. फिडल, म्हणजे लोकढंगाने वाजवलेले एकटे व्हायोलिन, आणि खणखणीत गिटारी यांची जागा पियानो, व्हायोलिनचा ताफा आणि मागच्या गायकवृंदाने घेतली. याला नॅशव्हिल साउंड म्हणतात आणि कडवे कंट्रीभक्त त्यावर आजही नाक मुरडतात. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. रीव्ह्जचा खर्ज इतका स्थिर आणि उच्चार इतके स्वच्छ आहेत की इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही शब्दन्शब्द कळतो, आणि मला वाटते की नॉर्वेपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि श्रीलंकेपासून आपल्या गोव्यापर्यंत तो घराघरांत पोहोचण्याचे हे एक मोठे कारण आहे. ३१ जुलै १९६४ रोजी, स्वतः चालवत असलेले छोटे विमान वादळी पावसात नॅशव्हिलजवळ कोसळून त्याचा मृत्यू झाला. मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९६६ साली, त्याचे एक गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. आणि नाताळ आला की आजही सासष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांतून त्याचाच आवाज रस्त्यावर येतो. आपल्यापैकी अनेकांनी तो शेजारच्या घरातून वर्षानुवर्षे ऐकला आहे. गाणाऱ्याचे नाव विचारायचे तेवढे राहून गेले आहे.

एक लहानशी गोष्ट येथे जोडतो. कंट्रीत जी रडवेली, घसरत जाणारी तार ऐकू येते ती स्टील गिटारची, आणि ती हवाई बेटांतून आली. हिंदी चित्रगीतांच्या सुरावटी वाजवणाऱ्या व्हॅन शिपलीच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हा नाद ओळखीचा आहे. त्याच हवाईत युकुलेले हे वाद्य घडले, ते १८७९ साली मदेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी सोबत नेलेल्या छोट्या तंतुवाद्यावरून. पोर्तुगीजांची वाद्ये जगात कुठे कुठे गेली आणि तिथल्या लोकांनी त्यांचे काय केले, हा गोव्यातल्या वाचकासाठी खास जिव्हाळ्याचा विषय आहे आणि त्यावर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

मी डिचोलीचा आहे, म्हणून लोरेटा लिनविषयी थोडे अधिक लिहिण्याची परवानगी घेतो. केंटकीतल्या बुचर हॉलो या दरीत कोळसा खाणीत काम करणाऱ्या मजुराच्या घरी १९३२ साली तिचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी लग्न आणि विशीच्या आसपास चार मुले. नवऱ्याने १७ डॉलरची गिटार आणून दिली, त्यावर ती स्वतःच शिकली आणि १९६० साली पहिली तबकडी निघाल्यावर दोघे मोटारीने गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर जाऊन ती वाटत फिरले. नवऱ्याच्या दारूवर, बाईच्या थकण्यावर, इतकेच काय, १९७५ साली संततिनियमनाच्या गोळीवरही तिने गाणे म्हटले, आणि अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. १९७० सालच्या ‘कोल मायनर्स डॉटर’ या गाण्यात तिने आपले घर सांगितले आहे. वडील रात्री खाणीत आणि दिवसा शेतात. कपडे घासून घासून आईच्या बोटांतून येणारे रक्त. उन्हाळ्यात अनवाणी आणि डुक्कर विकून आलेल्या पैशांतून हिवाळ्यासाठी मागवलेले बूट. कुठेही ती कीव मागत नाही आणि गरिबीचा बडेजावही करत नाही. गाणे पुढे सरकते तशी पट्टी वर चढत जाते, आणि शेवटी ती त्या रिकाम्या झालेल्या घरात परत जाऊन उभी राहते.

डिचोली, सत्तरी, सांगे या आमच्या खाणपट्ट्यावर गेल्या काही वर्षांत किती लिहिले गेले. लाल धूळ, ट्रकांच्या रांगा, मांडवीतले बार्ज, २०१२ ची खाणबंदी, न्यायालयाचे निवाडे, रोजगार गेलेल्या कुटुंबांची आंदोलने, हे सगळे आपल्या वृत्तपत्रानेही जबाबदारीने मांडले आहे. पण खाणीवरून परतणाऱ्या बापाची वाट पाहणाऱ्या मुलीच्या नजरेतून हे जगणे तीन मिनिटांत कसे सांगता येते, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी लोरेटाचे ते गाणे ऐकावे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त ट्रकचालकाला मी ते ऐकवले आणि ओळीओळीचा अर्थ सांगितला. आईच्या बोटांची ओळ आली तेव्हा त्यांनी ते गाणे थांबवायला सांगितले आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला लावले.

आपल्याला माझी विनंती अशी आहे की रविवारच्या पुरवणीत या गायकांवर एक लेखमाला चालवावी. लेख फार मोठे नसावेत. प्रत्येक लेखात एक गायक आणि त्याचे एकच गाणे घ्यावे, त्या गाण्याच्या शब्दांचा आशय मराठीत नीट उलगडून सांगावा आणि आवाजाच्या कोणत्या जागा कान देऊन ऐकायच्या हे दाखवावे. गाणी आज मोबाइलवर सहज मिळतात, त्यामुळे वाचक लेख वाचता वाचताच ती ऐकू शकेल. हे लिहिण्यासाठी आपल्या गायनाची जाण असलेला लेखक निवडावा, कारण जोन्सची मींड आणि पॅट्सीची लय त्यालाच नेमकी पकडता येईल. सासष्टी-बार्देशातल्या ख्रिस्ती घरांतून जुन्या तबकड्या आणि त्यांच्याशी निगडित आठवणी अजून शिल्लक आहेत. त्या घरांतल्या ज्येष्ठांशी आपल्या प्रतिनिधींनी बोलावे आणि त्यांचे म्हणणेही या लेखमालेत यावे. पहिला लेख कोणावर असावा असे आपण विचारलेत, तर खाणपट्ट्यातला वाचक म्हणून मी लोरेटा लिनचे नाव सुचवीन. दुसरा डीफोर्ड बेलीवर असावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
डिचोली, गोवा